सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज ऑफ स्कॉटलंड
सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज ऑफ स्कॉटलंड ही स्कॉटलंडचा इतिहास, पुरातत्त्व व संस्कृती यांच्या अभ्यासास वाहिलेली संस्था आहे. बकनचे ११ वे अर्ल डेव्हिड स्ट्युअर्ट अर्स्किन यांनी इ.स. १७८० मध्ये एडिनबरा येथे तिची स्थापना केली. पुरावस्तू व हस्तलिखितांबरोबरच निसर्गेतिहासही तिच्या कक्षेत होता. या व्यापक कक्षेमुळेच तिच्या राजसनदेस विरोध झाला. निसर्गेतिहासावरील व्याख्यानांमुळे आपल्या प्राध्यापकाच्या अध्यापनास बाधा येईल, अशी भीती एडिनबरा विद्यापीठास वाटत होती. तर जुनी कागदपत्रे दोन ठिकाणी विखुरतील, असा वकिलांच्या संघाचा आक्षेप होता. तरीही १७८३ मध्ये संस्थेला सनद मिळाली. तिचा पुरावस्तुसंग्रह १८५१ च्या करारान्वये राष्ट्राच्या मालकीचा झाला. आज तो एडिनबरा येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा भाग आहे.