कोंडलेल्या अनोळखी माणसांची कथा

रहस्यपटांचा विषय निघाला की आमचे काही समीक्षक मित्र अद्यापही ‘खुनी कोण’ या एकाच प्रश्नाचा पंचनामा करीत बसतात. परंतु परस्परांना सर्वस्वी अनोळखी अशी माणसे एका जागी कोंडली गेली असता त्यांच्या शिष्टाचाराचे आणि न्यायबुद्धीचे काय होते, हाच या कथाप्रकाराचा खरा विषय होय, असे मी आजवर हिरिरीने प्रतिपादन करीत आलो आहे.

अगाथा ख्रिस्ती यांनी १९३४ साली बर्फात अडकलेली आगगाडी आणि १९३९ साली दहा जणांचे ते निर्जन बेट रंगवून या प्रकाराचा आराखडा कायम केला, आणि राजा नवाथे यांच्या ‘गुमनाम’ने (१९६५) त्याच बेटाची छाया हिंदी पडद्यावर आणली, हे सर्वश्रुत आहे.

माझा जीव मात्र जडला तो हिचकॉकच्या १९४४ सालच्या ‘लाइफबोट’वर. कथा स्टाइनबेकची; टॉर्पेडोने बुडालेल्या जहाजावरचे मूठभर उतारू आणि त्यांनीच पाण्यातून वर ओढून घेतलेला जर्मन पाणबुडीचा कप्तान, एवढाच सारा संसार. कॅमेरा होडीची हद्द सोडीत नाही, पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. सर्वांचे घसे कोरडे पडले असताना त्या जर्मनाच्या कपाळावर घाम दिसतो, आणि त्याने पाणी लपविले आहे याची खातरजमा होताच, काल कायद्याच्या गोष्टी सांगणारी हीच मंडळी त्याच्यावर तुटून पडतात. दूर राहतो तो केवळ कृष्णवर्णीय जो. त्या काळच्या काही अमेरिकी समीक्षकांनी हा पट शत्रूचे कौतुक करतो अशी फिर्याद मांडली. आमच्या फिल्म सोसायटीतील चर्चेतही तोच सूर निघाला, तेव्हा मी वाद घातला होता आणि आजही घालीन, कारण त्या घामाच्या थेंबाने शत्रूइतकेच मित्रही उघडे पडतात.

ल्युमेटच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ने (१९५७) हीच वाट पुढे नेली: आरंभी कॅमेरा नजरेच्या वर, मग नजरेच्या पातळीवर, अखेरीस खाली, आणि लेन्स उत्तरोत्तर लांब पल्ल्याच्या, परिणामी छत खाली आल्याचा आणि भिंती सरकल्याचा भास होतो. आपल्याकडे तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील मंडळी परिचित खरी, पण बेणारेबाई निघू पाहतात तेव्हा न उघडणारे ते दार याच कुळातले.

पुढचा काळ भराभर उलटावा असाच आहे. ‘क्यूब’ने (१९९७) निदान भूमितीचा विचार केला, ‘सॉ’नंतर (२००४) मात्र यंत्रे, साखळ्या आणि रक्तपात यांचीच हुकूमत सुरू झाली. सापळा जितका नामी, तितकी त्यात सापडलेली माणसे निर्जीव, असा हा उफराटा न्याय आहे.

नव्या लेखकांना माझी एवढीच विनंती: आधी माणसाला व्यवसाय, कर्ज, अभिमान आणि भय द्या, दाराला कडी त्यानंतर घाला.