तेलाची गाळणी पारखून घ्या

माल्यावरून ताम्हिणीच्या घाटाकडे जाणारी जीप चढणीला घरघरते, तेव्हा तिच्या इंजिनाची झीज तेलच थोपवीत असते. त्या तेलात काजळी आणि धातूचा कीस मिसळतो. तो अडविणारी गाळणी म्हणजे ऑईल फिल्टर.

आता मेख पाहा. गाळणी तुंबली तरी गाडी थांबत नाही. इंजिन कोरडे पडू नये म्हणून एक झडप उघडते नि न गाळलेले तेल पुढे जाते. जणू गाळणी बाजूला सारून चोथ्यासकट चहा ओतला! तेव्हा गाडी चालते आहे, म्हणजे गाळणी ठीक आहे, असे समजू नका.

मग निवडायची कशी? आटे बसले म्हणजे झाले, असे नव्हे. झडप किती दाबाला उघडावी, हे इंजिनागणिक वेगळे असते. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तकातला क्रमांक जुळवा. रबरी कडे मऊ व अखंड हवे. पत्रा चेपलेला, छपाई पुसट किंवा वेष्टन फोडलेले असेल, तर परत करा. पक्की पावती मागा. आणि पुस्तकात दिलेल्या मुदतीला गाळणी बदला.

गाळणीत वाचविलेले चार पैसे पुढे इंजिनकामात कितीतरी पटींनी जातात, हे विसरू नका.