आच्छादनाचा कस

नांगरणीविना शेती म्हणजे मागील पिकाची मुळे जमिनीत आणि त्याचे अवशेष जमिनीवर राहू देणे. नेरळ येथील चंद्रशेखर भडसावळे यांचे सगुणा राइस तंत्र आणि कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांचे लेखन यांमुळे हे तत्त्व महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले आहे. तथापि, शेतात काहीही पसरले की काम झाले, हा समज अपुरा आहे. अवशेष किती, याइतकाच ते कोणत्या प्रतीचे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

ही प्रत मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. पहिली, कर्ब व नत्र यांचे प्रमाण. जमिनीतील सूक्ष्मजीवांना साधारणतः २४ भाग कर्बामागे १ भाग नत्र लागते. फुलोऱ्याआधी कापलेला ताग किंवा चवळी यांत नत्र भरपूर असल्याने ती लवकर कुजतात व नत्र पिकाला मिळते. गव्हाच्या काडात मात्र हे प्रमाण सुमारे ८० भागांस १ असते. अशा वेळी सूक्ष्मजीव जमिनीतीलच नत्र उचलतात आणि कोवळे पीक पिवळे पडते. दुसरी गोष्ट म्हणजे लिग्निन, अर्थात काष्ठद्रव्य. पऱ्हाटीसारख्या अवशेषांत ते अधिक असल्याने त्या सावकाश कुजतात.

याचा अर्थ कोवळे ते चांगले व कठीण ते वाईट, असा नव्हे. कोवळा पाला पिकाला अन्न देतो. परंतु थोड्याच आठवड्यांत जमीन उघडी पडते. काड व धसकटे उन्हापासून, पावसाच्या माऱ्यापासून आणि धुपीपासून मातीचे दीर्घकाळ रक्षण करतात. म्हणून दोहोंचा मेळ हवा.

या मेळाचा इतिहास आपल्या शेजारीच घडला आहे. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टाची पद्धत सिद्ध केली. १९३१ च्या त्यांच्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड होते. तेथे कठीण पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत आणि मग कोवळा पाला व शेण यांच्याशी मिसळत. ते काम ढिगाचे होते, शेतातील आच्छादनाचे नव्हे. पण नियम तोच.

कळसाडी व आसपासच्या शिवारात कापूस, ज्वारी, मका ही पिके घेतली जातात. म्हणजे कठीण अवशेष मुबलक, कोवळे थोडे. कापसाच्या दोन ओळींत चवळी किंवा उडीद पेरून ते फुलोऱ्याआधी कापून तेथेच अंथरले, तर हा तोटा भरून निघू शकतो. केवळ ज्वारी-मक्याचे काड अंथरायचे असल्यास पेरणीच्या वेळी नत्राची थोडी जोड द्यावी. पऱ्हाट्या मात्र उभ्या किंवा बांधावर रचून ठेवू नयेत. त्यांवरील बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. त्या जाळण्याऐवजी बारीक करून कुजवाव्यात. जाळल्याने त्यांतील बहुतेक नत्र हवेत जाते आणि कर्बही जमिनीला मिळत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी शेती थोडी आणि भांडवल त्याहून थोडे असते. नांगरणीचे भाडे व खताची खरेदी त्यांना जड जाते. त्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर ज्वारीचे काड आणि चवळीचा पाला शेजारी-शेजारी अंथरून महिनाभराने उलटून पाहावे. कोणता किती उरला, खालची माती कोठे ओलसर आहे आणि गांडुळे कोठे अधिक आहेत, याची वहीत नोंद करावी. त्या नोंदीतून घरच्या शेताला उपयोगी पडेल असे ज्ञान मिळेल.