उसवणारी त्वचा

मालवण किनाऱ्यावरच्या घरांत मूल जन्मले की पहिले काही दिवस ते जाणत्या बायकांच्या हाती असते. खोबरेल तेलाने अंग चोळणे, डाळीच्या पिठाने लव काढणे, कढत पाण्याने न्हाऊ घालणे, शेक देणे, मग मनगटात काळे मणी, कमरेला करदोटा, पायांत वाळे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या शिरस्त्याने बहुतेक बाळांचे काही बिघडत नाही. पण क्वचित एखादे बाळ असे जन्मते, की अंगावरून हात फिरताच त्याची त्वचा सुटते. करदोट्याखाली पाण्याने भरलेले फोड उठतात, टाचा एकमेकींवर घासून सोलवटतात, दूध ओढताना ओठ आणि जीभ फोडांनी भरतात. अशा बाळाला होणारी इजा मायेने केलेल्या स्पर्शातूनच होत असते, आणि या विकाराचे सर्वांत क्रूर अंग कदाचित हेच असावे.

वैद्यकशास्त्रात याला ‘एपिडर्मोलायसिस बुलोसा’ म्हणतात. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिख कोब्नर यांनी १८८६ मध्ये हे नाव रूढ केले. पाश्चात्त्य देशांत या मुलांना ‘फुलपाखरू मुले’ म्हणतात, कारण त्यांची त्वचा फुलपाखराच्या पंखासारखी नाजूक असते. नाव गोड आहे. आजार मुळीच गोड नाही.

हा संसर्गजन्य रोग नव्हे. तो शिवल्याने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, गरोदरपणी आईने काही खाल्ल्याने किंवा ग्रहण पाहिल्यानेही होत नाही. तरीही असे मूल जन्मल्यावर ‘नागीण’ म्हणून लेप लावले जातात, कांजिण्या समजून त्याला वेगळे ठेवले जाते, कुठे ग्रामदेवतेला कौल लावला जातो. त्यात केवळ अज्ञान पाहणे अन्यायाचे होईल. अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदणीनुसार दर दहा लाख जन्मांमागे सुमारे २० बालके हा विकार घेऊन जन्मतात आणि दर दहा लाख लोकसंख्येत सुमारे ११ रुग्ण आढळतात. भारतात अशी सर्वंकष मोजणी झालेली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. तेच प्रमाण येथे लावले, तर साऱ्या जिल्ह्यात नऊ-दहा रुग्ण असावेत. म्हणजे ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरच्या उभ्या कारकीर्दीत असे एकही बाळ समोर येणार नाही, अशी शक्यता बरीच आहे. जे कधी पाहिलेच नाही, ते ओळखायचे कसे?

टाका कुठे सुटला?

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर रापणीच्या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवण्याची पद्धत होती. लाकूड कितीही उत्तम असले तरी शिवण कच्ची असेल तर लाटेच्या पहिल्या तडाख्यात फळ्या विलग व्हायच्या. त्वचेचेही तसेच आहे. वरची बाह्यत्वचा आणि खालची अंतस्त्वचा हे दोन थर अत्यंत सूक्ष्म प्रथिनांच्या टाक्यांनी एकमेकांना जखडलेले असतात. त्यांपैकी एखादे प्रथिन बनवण्याची जनुकीय आज्ञाच चुकीची असेल, तर साध्या घर्षणाने थर सुटतात आणि मधल्या पोकळीत द्रव साचतो. तोच फोड.

टाका नेमका कोणत्या पातळीवर सुटला, यावर सारे भवितव्य अवलंबून असते. ‘सिम्प्लेक्स’ प्रकारात बाह्यत्वचेच्या तळाच्या पेशींचा सांगाडा असलेले केराटिन सदोष असते आणि पेशीच फाटतात. हा सर्वांत अधिक आढळणारा आणि बहुधा सौम्य प्रकार असून फोड सहसा व्रण न ठेवता भरतात. त्याहून खाली, दोन थरांच्या सांध्यातच लॅमिनिनसारखे प्रथिन उणे असेल तर तो ‘जंक्शनल’ प्रकार. त्याच्या तीव्र रूपात बाळ बहुधा वर्ष-दोन वर्षांपलीकडे जगत नाही. आणखी खाली अंतस्त्वचेत रुतणारे नांगरासारखे तंतू सातव्या प्रकारच्या कोलॅजेनचे असतात. ते नसतील तर ‘डिस्ट्रॉफिक’ प्रकार होतो. त्यात प्रत्येक जखम व्रण ठेवून जाते, आणि व्रणांवर व्रण चढत हाताची बोटे एकमेकांना चिकटून हात मुठीसारखा होतो. चौथा, ‘किंडलर’ प्रकार फारच विरळा. त्यात त्वचा उन्हालाही सोसत नाही. केराटिनमधील दोष १९९१ मध्ये आणि कोलॅजेनमधील दोष १९९३ मध्ये उकलला. त्यापूर्वी डॉक्टरांनाही केवळ फोडांच्या रूपावरून तर्क करावा लागे.

सौम्य सिम्प्लेक्सचे काही रुग्ण आपल्याला आजार आहे हे न कळताच आयुष्य काढतात. उन्हाळ्यात, घामात, लांब चालून आल्यावर तळपायांना फोड येतात. वडिलांनाही यायचे, आजोबांनाही यायचे, म्हणून ती घराण्याची खोडच मानली जाते. कोकणचा दमट उकाडा आणि जांभ्याच्या खडबडीत वाटा अशा पायांना विशेष जाचक ठरतात.

बोटांचा स्पर्श, सुईचे टोक

नवजात बाळाबाबत करायच्या गोष्टींपेक्षा टाळायच्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या. चोळणे नाही, पीठ नाही, दोरा नाही, वाळे नाहीत. रुग्णालयात मनगटाला बांधला जाणारा ओळखपट्टाही नाही, आणि नाळेला प्लॅस्टिकच्या चिमट्याऐवजी मऊ बंध. बाळाला काखेत धरून उचलायचे नाही. जाड मऊ दुपट्यावर ठेवून दुपट्यासकट उचलायचे. झबले उलटे घालावे, म्हणजे शिवण अंगाला लागत नाही. चिकटपट्टी कुठेही नको, कारण ती काढताना त्वचाही निघून येते.

फोडाविषयीचा आपला समज मात्र येथे उलटा करावा लागतो. एरवी भाजल्याचा फोड फोडू नये असे घरोघरी सांगितले जाते. या विकारात फोड तसाच ठेवला तर आतल्या द्रवाच्या दाबाने तो बाजूला पसरत जातो आणि रुपयाएवढ्या जागेची तळहाताएवढी जखम होते. म्हणून निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडून द्रव वाहू द्यावा आणि वरची सैल त्वचा तशीच राहू द्यावी. तीच सर्वांत चांगली मलमपट्टी. त्यावर पेट्रोलियम जेलीत भिजवलेली जाळी किंवा न चिकटणारी सिलिकॉनची पट्टी लावावी. हे कसब आईवडिलांना शिकवावेच लागते, कारण तीव्र प्रकारात पट्ट्या बदलण्याचे काम रोजचे असते आणि ते तासन्‌तास चालते. आंघोळीच्या पाण्यात एका लिटरला ९ ग्रॅम या प्रमाणात मीठ घातले तर जखमा कमी झोंबतात. ‘खाऱ्या पाण्याने जखम सुकते’ या समजुतीला तेवढा आधार आहे. पण समुद्राचे पाणी त्याच्या जवळपास चौपट खारट, शिवाय त्यात वाळू आणि जंतू. तेव्हा समुद्रस्नान हा उपचार नव्हे.

तीव्र डिस्ट्रॉफिक प्रकारात अन्ननलिकेतही व्रण होऊन ती अरुंद होते. माशाचा बारीक काटा, कडक भाकरी, तिखट तिरफळाचे कालवण यांपैकी काहीही घशाखाली जखम करू शकते. उकड्या तांदळाची मऊ पेज आणि काटे काढून कुस्करलेला मासा हे मालवणी घरातले साधे अन्न येथे पथ्याला चालते. मात्र जखमांवाटे प्रथिने आणि लोह सतत वाहून जात असल्याने नुसत्या पेजेवर मूल तग धरत नाही. रक्तक्षय आणि खुंटलेली वाढ हे या प्रकाराचे नेहमीचे सोबती आहेत. पुढे आणखी एक संकट उभे राहते. वर्षानुवर्षे धुमसणाऱ्या जखमांत त्वचेचा कर्करोग उद्भवतो. अमेरिकी नोंदणीनुसार सर्वांत तीव्र डिस्ट्रॉफिक रुग्णांत पंचावन्नाव्या वर्षापर्यंत ही शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून किशोरवयापासून महिनाभर न भरणारी प्रत्येक जखम तपासून घेणे भाग असते.

औषधे आली, पण...

उपचारांच्या आघाडीवर गेल्या दशकात जे घडले ते त्याआधीच्या शतकात घडले नव्हते. जर्मनीतील बोखुम येथे २०१५ मध्ये जंक्शनल विकाराच्या सात वर्षांच्या मुलाच्या शरीरावरील सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा प्रयोगशाळेत दुरुस्त जनुकासह वाढवलेल्या त्वचेने बदलण्यात आली आणि मूल वाचले. अमेरिकेत मे २०२३ मध्ये डिस्ट्रॉफिक प्रकारासाठी ‘व्हायजुवेक’ या जनुकीय औषधाला मान्यता मिळाली. निरुपद्रवी केलेल्या नागिणीच्या जातीच्या विषाणूवर कोलॅजेनचे जनुक स्वार करून ते थेंबांनी जखमेवर सोडतात. ३१ रुग्णांवरील चाचणीत सहा महिन्यांनी औषध लावलेल्या ६७ टक्के जखमा पूर्ण भरल्या. औषधाविना भरलेल्यांचे प्रमाण २२ टक्के होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बर्चच्या सालीच्या अर्काचे मलम आणि एप्रिल २०२५ मध्ये रुग्णाच्याच पेशींपासून बनवलेले त्वचेचे तुकडे यांनाही तेथे परवानगी मिळाली. व्हायजुवेकच्या एका कुपीची अमेरिकेतील किंमत बाजारात येताना २४,२५० डॉलर होती, आणि औषध आठवड्याला लावायचे असते. मासेमारी वा आंबा-काजूच्या बागेवर चालणाऱ्या घरासाठी हा आकडा अर्थशून्य आहे. केंद्राचे दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये आले आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांच्या यादीत मात्र या विकाराचे नाव नाही.

तेव्हा सिंधुदुर्गातील कुटुंबाला आज प्रत्यक्षात हाती लागण्याजोगी गोष्ट म्हणजे अचूक निदान. पूर्वी त्यासाठी बाळाला घेऊन बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागे. आता रक्ताचा नमुना प्रवास करू शकतो, बाळाने करण्याची गरज नाही. जनुकीय तपासणीत प्रकार कळतो. त्वचेचा तुकडा तपासायचा असेल तर तो ताज्या, शक्यतो काही तासांपूर्वी उठलेल्या फोडाच्या कडेचा हवा. जुन्या फोडातून चुकीचे उत्तर येते.

निदानाचा प्रश्न एका बाळापुरता नसतो. सिम्प्लेक्स बहुधा आईवडिलांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. जंक्शनल आणि तीव्र डिस्ट्रॉफिक प्रकारात आई आणि वडील दोघेही निरोगी वाहक असतात, आणि प्रत्येक गर्भारपणात धोका चारात एक असतो. आधीचे मूल निरोगी झाले म्हणून तो कमी होत नाही, आजारी झाले म्हणून वाढतही नाही. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातील अनेक जातींत मान्य असल्याचे इरावती कर्वे यांनी आपल्या नातेसंबंधांच्या अभ्यासात नोंदवले आहे. अशा जोडप्यांत दोघांकडेही तेच सदोष जनुक असण्याची शक्यता परक्या जोडप्याहून अधिक असते. अर्थात नात्यात लग्न न झालेल्यांच्या घरीही हे घडते, आणि अशा वेळी सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणे शास्त्राला धरून नाही. दोषाचा निम्मा वाटा नेहमीच मुलाच्या वडिलांचा असतो.

पुढच्या गर्भारपणात अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म तुकडा तपासून गर्भाला विकार आहे की नाही हे सांगता येते. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगण्यास मनाई असली, तरी आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात ही तपासणी करता येते. मात्र त्यासाठी घराण्यातील नेमका जनुकीय दोष आधी ठाऊक असावा लागतो. तीव्र जंक्शनलचे बाळ काही महिन्यांतच जाते, शोकाच्या त्या दिवसांत रक्ताचा नमुना घेण्याचे कुणाला सुचत नाही, आणि दोन वर्षांनी तेच जोडपे पुन्हा दवाखान्याच्या दारात उभे राहते तेव्हा तुलना करायला काहीच शिल्लक नसते. मग आईवडिलांच्या रक्तातून शोध सुरू करावा लागतो. तो लागतो, पण वेळ खातो, आणि तोवर आठवडे पुढे सरकत राहतात. बाळ हयात असतानाच त्याच्या रक्ताचे काही थेंब जनुकीय तपासणीसाठी जपून ठेवावेत, असे जनुकतज्ज्ञ म्हणूनच सुचवतात.