तारेचा रोध आणि घरातील संगीत

दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमध्ये ध्वनिवर्धक, ध्वनिक्षेपक आणि त्यांना जोडणाऱ्या तारा विकणारी दुकाने दाटीने वसली आहेत. घरी गाणे ऐकण्याची सोय करू इच्छिणारा गृहस्थ वर्धक आणि क्षेपक पारखून घेतो. तारेपाशी आला की मात्र तो गोंधळतो. एक तार स्वस्त, तर शेजारची तिच्या कित्येक पट महाग. हा फरक कानाला जाणवेल काय?

प्रथम वर्धकापासून क्षेपकापर्यंत जाणारी तार घेऊ. तिच्यातून बराच मोठा प्रवाह वाहतो, म्हणून तिचा रोध महत्त्वाचा. क्षेपक दहा मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन वीस मीटर तांबे लागते. ०.७५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेत त्याचा रोध सुमारे ०.४६ ओहम होतो, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत तो ०.१४ ओहमच भरतो. आता, क्षेपकावर '८ ओहम' असे छापलेले असले तरी तो आकडा सर्व स्वरांना सारखा लागू पडत नाही. काही कंप्रतांना क्षेपकाचा संरोध ४ ओहमपर्यंत उतरतो, तर काहींना २० ओहमपर्यंत चढतो. बारीक तार पहिल्या स्वरांना अधिक दाबते आणि दुसऱ्यांना कमी. परिणामी दोहोंत सुमारे पाऊण डेसिबलची तफावत पडते. जाड तारेत ती पाव डेसिबलच्या आत राहते. पाऊण डेसिबल म्हणजे फार नव्हे. पण बारकाईने ऐकणाऱ्यास डग्ग्याचा घुमारा किंचित बदललेला वाटू शकतो. तीनच मीटर अंतर असेल, तर बारीक तारही पुरते.

तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेपासून मात्र जपावे. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. चाकूने खरवडताच आतला पांढरेपणा दिसतो. उलट, चांदीचा रोध तांब्याहून जेमतेम पाच-सहा टक्के कमी आहे. तेवढा लाभ तांब्याची तार थोडी जाड घेतल्यानेही मिळतो!

तबकडीच्या सुईपासून वर्धकापर्यंतच्या तारेची गोष्ट निराळी. तेथे संदेश अवघ्या काही सहस्रांश व्होल्टचा, आणि भोवती घरातल्या विजेचे ५० हर्ट्झचे क्षेत्र. ते आत शिरले की अखंड गुणगुण ऐकू येते. म्हणून मधल्या तारेभोवती तांब्याच्या जाळीचे कवच असते. एकाच अक्षाभोवती दोन वाहक ठेवण्याच्या या रचनेचे पेटंट ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्ये इंग्लंडात घेतले होते. कवचामुळे तारेची धारिता वाढते, मीटरमागे साधारण १०० पिकोफॅराड. तार उगाच लांब घेतल्यास सुईच्या तीव्र स्वरांचा तोल बिघडतो. ही तार आखूडच ठेवावी.

जुन्या संचात खरखर सुरू झाली, तर दोष बहुधा तारेच्या टोकाशी सापडतो: सुटलेला डाख, सैल स्क्रू किंवा काळे पडलेले तांबे. ते टोक कापून, खरवडून पुन्हा आवळावे. नवी तार आणण्याची वेळ बहुधा येत नाही.