आखातातून फोन मागवताय? आधी हे तपासा!

गणपतीला दुबई-मस्कतहून मालवणात येणाऱ्या माणसाला फोन सांगताना नुसतं नाव सांगू नका, मॉडेल नंबरही विचारा. एकाच नावाचा फोन देशागणिक वेगळा असतो.

📱 सिम: २०२५ च्या आयफोन १७ ला यूएई, ओमान, कुवेत, कतार, सौदीत सिमचा खण नाही, फक्त ई-सिम चालतं. भारतातल्या मॉडेलला खण आहे.

📶 बँड: जिओला २जी-३जी नाही, त्यामुळे आपल्याकडे व्होल्टीई चालणारा फोनच घ्या. ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ (५जीसाठी एन२८) बघाच. कमी फ्रिक्वेन्सी लांब पोचते, भिंतींतूनही आत येते. डोंगरांआडच्या आपल्या वाड्यांना तो उपयोगी.

🔒 लॉक: तिथल्या कंपनीच्या हप्त्यावरचा फोन लॉक असू शकतो. अनलॉक्डच घ्या.

🧾 बिल: विमानतळ मोपा असो वा मुंबई, ड्यूटी-फ्री मर्यादेवर कस्टम ड्यूटी लागते. बिल जपा. अनेक कंपन्यांची वॉरंटी खरेदीच्या देशापुरतीच असते.

✅ वापरलेला फोन असेल तर *#०६# दाबून आयएमईआय बघा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा.

एवढं जुळलं आणि ड्यूटी धरूनही स्वस्त पडला, तरच मागवा. नाहीतर कुडाळ-कणकवलीतलं दुकान बरं: बिघडला तर दाद मागायला माणूस जवळ असतो.