आकडा जुना, दुरुस्ती नवी

एसएसएचने सर्व्हरवर जाताना पासवर्ड विचारण्याआधी सर्व्हर स्वतःची ओळख सांगतो. लॉग सविस्तर ठेवला तर ती ओळ दिसते. आमच्याकडच्या बहुतेक यंत्रांवर २०२४ च्या जुलैत ती अशी होती : ओपनएसएसएच ९.२पी१, डेबियन-२+डेब१२यू३. यातला ९.२ हा आकडा मूळ प्रकल्पाचा. ती आवृत्ती फेब्रुवारी २०२३ मधली, म्हणजे तेव्हाच वर्ष उलटून गेलेली. शेपटीतला 'डेब१२यू३' हा डेबियनचा, म्हणजे आमच्या यंत्रांवरच्या लिनक्स वितरणाचा : बारावी आवृत्ती, तिच्यातली या पॅकेजची तिसरी दुरुस्ती. यंत्र सांभाळणाऱ्याला काय हवं ते त्या शेपटीत असतं.

१ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएसएचमधली एक मोठी त्रुटी जाहीर केली. लॉगिनसाठी दिलेली १२० सेकंदं संपली की सर्व्हर जोडणी तोडतो आणि लॉगमध्ये तशी नोंद करतो. ती नोंद करणारं काम अशा अडनिड्या क्षणी चालायचं, की नेमकी वेळ साधणाऱ्याला यंत्राचा संपूर्ण ताबा मिळू शकत होता. ३२-बिटी यंत्रावर त्याला सरासरी सहा ते आठ तास सतत प्रयत्न करावे लागत. हीच चूक २००६ मध्ये एकदा दुरुस्त झाली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कोड बदलताना ती परत आत आली आणि ८.५ पासून ९.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत राहिली. मूळ प्रकल्पाने ९.८ काढली. डेबियनने त्याच दिवशी डीएसए-५७२४ ही सूचना काढली आणि आमच्या यंत्रांवर यू३ आलं.

नंतर एका शिक्षणसंस्थेच्या सर्व्हरचा सुरक्षा-तपासणी अहवाल हातात आला. पहिलीच नोंद लाल : ओपनएसएसएच ९.२, गंभीर, ताबडतोब ९.८ बसवा, नाहीतर प्रमाणपत्र मिळणार नाही. तपासणाऱ्यांच्या सॉफ्टवेअरने पहिला आकडा वाचला होता आणि शेपटी सोडून दिली होती. असे अहवाल जवळपास प्रत्येक तपासणीत येतात. ज्याला डेबियनची पद्धत ठाऊक नाही असा माणूस घाबरून कुठूनतरी ९.८ डाउनलोड करतो, हाताने कंपाइल करून बसवतो, आणि त्या दिवसापासून त्या यंत्राला एसएसएचचे सुरक्षा अपडेट येणं बंद होतं. पुढची त्रुटी आली की तिची दुरुस्ती त्याची त्यालाच शोधावी लागते. अहवाल हिरवा होतो आणि यंत्र उघडं पडतं.

उत्तर द्यायचं तर पॅकेजसोबत येणारी बदलांची नोंदवही उघडायची. प्रत्येक पॅकेजची अशी एक फाइल दस्तऐवजांच्या फोल्डरमध्ये दाबून ठेवलेली असते. यू३ समोर तिथे मुद्द्याची एकच गोष्ट आहे : 'एसएसएचसिगडाय' या फंक्शनमधला, सिग्नल हाताळताना चालवणं सुरक्षित नसलेला कोड बंद केला. खाली करणाऱ्याचं नाव, तारीख, तातडी 'हाय'. ९.२ नंतर दीड वर्षात मूळ प्रकल्पात शेकडो बदल झाले, त्यांतला एकही इथे घेतलेला नाही. भोक पडलं तिथे त्याच कापडाच्या धाग्याने रफू केलं, कापड बदललं नाही. ही ओळ आणि सूचनेचा क्रमांक पाठवला, थोडा पत्रव्यवहार झाला, लाल नोंद निघाली.

हे वाचायला सोपं वाटतं, पण करणं अवघड आहे. मूळ लेखकाने दुरुस्ती आजच्या कोडसाठी लिहिलेली असते. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कोडमध्ये ते फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये असतं, कधी नसतंच. मग त्रुटी मुळातून समजून घ्यायची, जुन्या कोडला ती लागू आहे का ते ठरवायचं, लागू असेल तर दुरुस्ती त्या मापाने पुन्हा लिहायची, आणि दुसरं काहीही बिघडलं नाही याची खात्री करायची. कधी कधी उत्तर 'लागू नाही' असंही येतं. डेबियन ११, म्हणजे बुल्सआयमध्ये ओपनएसएसएच ८.४ होतं. चूक परत आली ती ८.५ मध्ये. त्या आठवड्यात आमच्याकडची सगळ्यात जुनी यंत्रं या एका बाबतीत सगळ्यात निर्धास्त होती. ब्राउझरच्या बाबतीत मात्र डेबियनही हात टेकतं. क्रोमियमचा कोड इतक्या वेगाने बदलतो की जुन्यात दुरुस्ती बसवणं शक्य होत नाही, म्हणून तिथे सरळ नवी आवृत्तीच दिली जाते.

आवृत्ती एकदा 'स्टेबल' म्हणून जाहीर झाली की तिच्यातलं वागणं बदलत नाही, हे डेबियनचं आश्वासन. शाळेची फी भरण्याची प्रणाली पीएचपी ८.२ वर चालते, ती डेबियन १२, म्हणजे बुकवर्मच्या पूर्ण मुदतीत ८.२ वरच राहणार. रात्री अपडेट आपोआप बसले तरी सकाळी दहाला क्लार्कच्या पडद्यावर कालचंच पान उघडणार. ज्यांच्याकडे वेगळा तांत्रिक माणूस नाही अशा संस्थांसाठी मला हे आश्वासन कुठल्याही नव्या सुविधेपेक्षा मोलाचं वाटतं.

ही स्थिरता तयार कशी होते? नवं पॅकेज आधी 'सिड'मध्ये येतं. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची नावं असतात, आणि सिड हा त्यातला खेळणी मोडणारा मुलगा. हे नाव कायम अस्थिर शाखेचंच असतं. तिथे तातडीप्रमाणे दोन, पाच किंवा दहा दिवस काढायचे, सगळ्या प्रकारच्या प्रोसेसरवर बांधून दाखवायचं, नवा गंभीर बग आणायचा नाही, मग 'टेस्टिंग' शाखेत प्रवेश. दोनेक वर्षांनी टेस्टिंग गोठवायला घेतात. डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सीच्या वेळी हे गोठवणं १५ मार्च २०२५ ला सुरू झालं. एप्रिलच्या मध्यात ते आवळलं, मेच्या मध्यात आणखी, २७ जुलैला पूर्ण बंद, आणि ९ ऑगस्टला आवृत्ती बाहेर. या पाच महिन्यांत नवं काही जवळजवळ येत नाही, बग मिटवणं चालतं. ज्या पॅकेजचा गंभीर बग मिटत नाही ते सहसा काढून टाकतात. हा निर्दयपणा मला आवडतो. तो पूर्वी इतका नव्हता. जुलै २००२ ला वुडी निघाली आणि त्यानंतरची सार्ज थेट जून २००५ ला. जवळपास तीन वर्षं लोक जुन्या पॅकेजांवर वाट बघत बसले. आता गोठवण्याच्या तारखा आधी जाहीर होतात आणि दर दोन वर्षांनी आवृत्ती निघते.

सिड आणि टेस्टिंगमधल्या या वाट बघण्याचं मोल मार्च २०२४ मध्ये कळलं. एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या छोट्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातलेला होता. घालणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक कामं करून प्रकल्पाचा विश्वास कमावला होता. वाट एसएसएचची होती : डेबियनसह काही वितरणांनी एसएसएच सर्व्हर सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेशी जोडण्यासाठी स्वतः केलेल्या बदलामुळे ही लायब्ररी आत ओढली जायची. डेबियनची स्वतःचीच जोडणी इथे शत्रूच्या उपयोगी पडली, हे विसरता कामा नये. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड डेबियन सिडवर वेग मोजत होते. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, प्रोसेसर विनाकारण खातोय, हे त्यांना खटकलं. त्यांनी माग काढला आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. तोवर त्या आवृत्त्या सिडमधून टेस्टिंगपर्यंत आल्या होत्या. स्टेबलमध्ये ५.४.१ होती. डेबियनवर बेतलेल्या उबुंटूची २४.०४ ही पाच वर्षं सांभाळायची आवृत्ती त्याच एप्रिलमध्ये निघणार होती. तिची बीटा आठवडाभर पुढे ढकलून पॅकेजं पुन्हा बांधावी लागली. चोर पकडला तो फ्रॉइंड यांच्या नजरेने, वाट बघण्याने नव्हे. पण पकडेपर्यंत तो शाळेच्या आणि दवाखान्याच्या यंत्रांपर्यंत पोहोचला नाही, याला सिडपासून स्टेबलपर्यंतची ती रांग कारण झाली.

मुदतीचा हिशोब असा. सिक्युरिटी टीम एक आवृत्ती साधारण तीन वर्षं सांभाळते, मग एलटीएस नावाचा वेगळा गट ती पाच वर्षं होईपर्यंत सांभाळतो. बुकवर्मसाठी या तारखा १० जून २०२६ आणि ३० जून २०२८, ट्रिक्सीसाठी ९ ऑगस्ट २०२८ आणि ३० जून २०३०. हा बदल यंत्रावर बसून जाणवत नाही. अपडेट येतच राहतात, फक्त सूचनेच्या क्रमांकात डीएसएच्या जागी डीएलए दिसू लागतं. आत मात्र माणसं बदललेली असतात. एलटीएस २०१४ मध्ये स्क्वीझपासून सुरू झालं, आणि जुना कोड पुन्हा पुन्हा शिवण्याचं कंटाळवाणं काम फावल्या वेळात कोणी करत नाही, हे ओळखूनच सुरू झालं. फ्रेक्झियन ही फ्रेंच कंपनी प्रायोजकांकडून पैसे गोळा करते आणि डेबियनच्याच कार्यकर्त्यांना तासांप्रमाणे देते. दुरुस्ती मात्र सगळ्यांना फुकट. आपल्याकडच्या किती संस्था, किती कंपन्या या तासांवर निवांत झोपतात, आणि त्यांतल्या फार थोड्यांना हे तास कोण भरतं ते माहीत असतं. मला हे मनापासून टोचतं. शिवाय एलटीएसमध्ये सगळी पॅकेजं येत नाहीत. आपल्या यंत्रावरची कोणती वगळली आहेत ते दाखवणारी 'चेक-सपोर्ट-स्टेटस' ही आज्ञा आहे. चौथ्या वर्षात शिरलेल्या प्रत्येक यंत्रावर ती चालवावी.

मुदत लिहून दिली म्हणजे ती पाळली जाईलच, असंही नाही. सेंटओएस या दुसऱ्या वितरणाच्या ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील या भरवशावर लोकांनी यंत्रं उभी केली. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ते २०२१ च्या अखेरीसच थांबतील. तेव्हापासून मी मुदतीच्या तारखेसोबत एक प्रश्न विचारतो : ही तारीख बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाणं हा रात्रीचा उद्योग असतो. मधली आवृत्ती ओलांडून उडी मारता येत नाही, अकरावरून तेरावर जायचं तर बारावरून जावं लागतं. आधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघितलेला. मग बारा पूर्ण अपडेट करायचं. दूरवरून एसएसएचने काम करणार असाल तर ओपनएसएसएचची शेपटी 'डेब१२यू७' किंवा पुढची झाली आहे ना, ते आधी बघायचं. नाहीतर काम अर्ध्यात तुटलं तर परत आत जाता न येण्याची शक्यता असते, असं ट्रिक्सीच्या रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलं आहे. त्या नोट्स न वाचता अपग्रेडला हात घालणाऱ्याला मी यंत्र देणार नाही. मग स्रोतांच्या फाइलमध्ये बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी, पहिल्या फेरीत नवी पॅकेजं न आणणारा अपग्रेड, दुसऱ्या फेरीत पूर्ण.

मध्येच ते थांबतं आणि विचारतं : ही कॉन्फिगरेशन फाइल तुम्ही बदललेली आहे, नवी बसवू की तुमची ठेवू? नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते. मी आधी 'डी' दाबतो. दोन्ही फाइलींतला फरक ओळीओळीने पडद्यावर येतो, आणि कोणी कधीतरी घाईत टाकलेली, कोणालाच न आठवणारी एखादी ओळ तिथे सापडते. तिचा अर्थ कळेपर्यंत पुढे जात नाही.

शेवटी यंत्र पुन्हा सुरू होतं, तेरा दिसतं, वेबसाइट उघडते आणि सगळे झोपायला निघतात. तेव्हा एक काम उरलेलं असतं. बुकवर्ममधलं पोस्टग्रेस १५, ट्रिक्सीतलं १७. अपग्रेड डेटाबेसला आपणहून हलवत नाही, १५ जिथे होतं तिथे चालतच राहतं आणि त्याला इथून पुढे डेबियनकडून सुरक्षा अपडेट येणार नसतात. 'एपीटी लिस्ट'ला कालबाह्य पॅकेजांची यादी मागितली की ते तिथे दिसतं. मग 'पीजी-अपग्रेडक्लस्टर' चालवायचं, फीच्या तक्त्यांतल्या नोंदी जुन्या-नव्यात मोजून जुळवायच्या, आणि त्या जुळल्यावर १५ काढून टाकायचं.